पूर्वेकडचं झाप

माझी आते आज कधी झोपेल आणि कधी उठेल हे आमच्या घरात कुणालाच सांगता यायचं नाही. एक बाबा सोडून. बाबांना सगळंच सांगता यायचं. ते तोंडवलीच्या खाडीवर तर चालवायचे, म्हणजे बाजारहाटाला जाणारी माणसं होडीत घालून या काठावरून त्या काठावर न्यायचे. तिथीवरून भरतीची वेळ बोटांच्या पेरांवर काढायची त्यांना सवय होती आणि त्याच पेरांवर ते आपल्या धाकट्या बहिणीची झोपही मोजायचे. भरती जशी रोज थोडी थोडी उशिरा येते तशी आतेची झोपही रोज थोडी उशिरा यायची. आज दिवेलागणीनंतर झोपली तर चार-पाच दिवसांनी मध्यरात्र उलटल्यावर, पुढे पहाटे, पुढे आम्ही न्याहारीला बसायचो तेव्हा. मग काही दिवस असे यायचे की घर जागं तेव्हा आते झोपलेली आणि घर झोपलं की आते जागी. आणि तशीच पुढे सरकत सरकत ती पुन्हा आमच्यात यायची. "भरती कोण थांबयता काय? तशीच ही. हिच्या आंगात खाडीचां पाणी आसा," असं बाबा मोठ्या समाधानाने म्हणायचे. त्यावर आई चुलीपुढून म्हणायची, "पाण्याचां माका ठावक नाय, पण पेज निवता."

आमचं घर रेतीच्या अरुंद पट्टीवर होतं. पुढच्या दाराने समुद्र, मागच्या दाराने खाडी आणि मध्ये माड आणि आम्ही. घरात घड्याळ नव्हतं आणि त्याची उणीवही नव्हती. पहाटे रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, निघालेल्या माणसांच्या हाका किनाऱ्यावरून यायच्या. त्या ऐकून आई उठायची, की आई उठल्यावर त्या हाका यायच्या, हे मला कधी कळलं नाही; तिचे डोळे बहुतेक हाकेच्या आधीच उघडलेले असायचे. मग चूल पेटायची, उकड्या तांदळाची पेज रटरटायला लागायची, कोंबड्या खुराड्यातून बाहेर यायच्या, बाबा विहिरीवर खाकरायचे. भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास आला की माझ्या पोटात अशी कळ उठायची की शाळेची वेळ झाली हे निराळं सांगावं लागायचं नाही. संध्याकाळी कोंबड्या आपल्या पायांनी आत जायच्या, तुळशीपुढे दिवा लागायचा आणि तो लावता लावता आई जांभया द्यायची. या सगळ्या खुणांच्या दोरीत आम्ही घरची माणसं फुलांसारखी ओवलेली होतो. एकटी आते तेवढी त्या दोरीतून निसटलेली होती.

आते जन्मतः आंधळी नव्हती. लहानपणी तिला रात्रीचं दिसायचं नाही एवढंच. पुढे दिसण्याचा घेर लहान होत गेला, बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचंही पुसट झालं. शिरोड्याला तिचं लग्न झालं, मुलगा झाला आणि तो मुलगा, वसंत, धावायला लागला तोवर तिच्या डोळ्यांपुढे काहीच उरलं नव्हतं. सासरच्यांनी तिला आमच्याकडे आणून पोचवलं आणि मुलगा ठेवून घेतला. त्यांच्याबद्दल आमच्या घरात कुणी वाईट बोलायचं नाही. "तेंका जमलां नाय," एवढंच आई म्हणायची.

बाबांनी बहिणीला घरातली सगळ्यात चांगली खोली दिली. माजघराला लागून, बिनखिडकीची, बाळंतिणीला देतात ती. पावसात कोरडी, थंडीत उबदार, स्वयंपाकघर दोन पावलांवर, वाटेत पायरी नाही, अडखळायला काही नाही. तिथे भर दुपारीही काळोख असायचा आणि आम्ही आत गेलो तर चाचपडायचो, पण आते कशाला चाचपडेल? "आंधळ्या मनशाक उजवाड कित्याक व्हयो?" असं बाबा म्हणाले होते ते प्रेमानेच म्हणाले होते आणि आम्हा सगळ्यांना ते पटलंही होतं. शिवाय आतेला डोकेदुखी होती. उन्हात गेली की कपाळात टोचतं म्हणायची. मग सावलीतली खोली तिला बरी, यात शंका घेण्यासारखं काय होतं?

ती जागी असायची तेव्हा त्या खोलीत बसून काथ्या वळायची. नारळाची सोडणं कुजवून, कुटून त्याचा काथ्या आई तिच्यापुढे ठेवायची आणि आतेच्या तळव्यांतून त्याचं सुंभ होऊन बाहेर पडायचं. मला काळोखाची फार भीती वाटायची. रात्री जाग आली की मी आधी कान टवकारायची, आणि आतेच्या उलट्या दिवसांत भिंतीपलीकडून तिच्या तळव्यांचा खसखस आवाज यायचा, मधूनच गुणगुणणं. घरात कुणीतरी मोठं माणूस जागं आहे, या आधारावर मी लगेच झोपून जायची. तिचं दुखणं माझ्या कामी येत होतं, हे आज लिहिताना जाणवतं. आई चुलीच्या उबेला, वायलावर, तिच्यासाठी पेजेची तपेली झाकून ठेवायची, वर लोणच्याची फोड. पुष्कळदा ती जेवण्याच्या वेळी आम्ही घोरत असायचो. एकटीने जेवायचं दुःख तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण चांगले दिवस आले आणि ती आमच्या पंगतीत बसली की घास हातात धरून उगाच बोलत राहायची.

अशाच एका उलट्या दिवसांत वसंत तिला भेटायला आला. मे महिना होता. त्याच्या काकाचं मालवणात काही काम होतं, म्हणून बरोबर हाही आला. मिसरूड फुटू लागलेला, लाजरा मुलगा. आमच्या मागच्या पडवीत अंग चोरून बसला होता. आई त्याला सोलकढी देऊन धावत आत गेली आणि आतेला हलवू लागली. दुपार होती, आणि आतेच्या लेखी ती ऐन मध्यरात्र. अशा वेळी तिला उठवणं म्हणजे विहिरीच्या तळातून माणूस ओढून काढण्यासारखं होतं. वसंत उंबऱ्यात येऊन उभा राहिला. काळोखात त्याला आपली आई दिसली असेल की नाही कोण जाणे. आते उठून बसली, मान डोलत होती, जीभ जड.

"वन्सांनू, बगा कोण इलो!" आई म्हणाली.

"कोण तां?" आते म्हणाली. "माका निजांदे."

आणि पुन्हा आडवी झाली. आईने पुन्हा उठवलं, पुन्हा तेच. बाहेरून काका म्हणाला, "वसंता, तर चुकतली, चल." मुलगा वळला, पडवीतून उतरला आणि खाडीकडे चालू लागला. आई त्याच्यामागे काठापर्यंत गेली, त्याला काय काय समजावत. तो मान हलवत होता, पण एकदाही मागे बघत नव्हता.

रात्री आते ताजीतवानी उठली. म्हणाली, "वैनी, माका सपान पडलां. वसंत इल्लो. उंबऱ्यार उबो होतो." आईने तिच्यापाशी बसून सांगितलं की ते स्वप्न नव्हतं. आतेने उंबऱ्याच्या दिशेला तोंड वळवलं. मग विचारलं, "मी काय म्हटलंय तेका?" आई म्हणाली, "कायच बोलूक नाय तुमी." पण आईला खोटं बोलता यायचं नाही आणि आतेला आवाजावरून माणूस वाचता यायचा. त्या रात्री सुंभाचा आवाज आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात देवगडच्या मामाच्या कलमांना भरघोस हापूस लागला. मालवणच्या बाजारात पोचवायला आमचं घर जवळचं, म्हणून त्याने कच्चे आंबे होडीने आमच्याकडे पाठवायचं ठरवलं. आंब्याची आढी घालायची, म्हणजे गवताचे थर देऊन आंबे पिकत ठेवायचे, तर त्याला उबेची, बिनवाऱ्याची, काळोखी जागा हवी. अशी जागा घरात एकच होती. आईला फार ओशाळल्यासारखं झालं. आतेपुढे पदराशी चाळा करत म्हणाली, "वन्सांनू, म्हयनो-दीड म्हयनो मागल्या पडवीत निजशात?" आते हसली. "माका काय गो वैनी, खंयय निजान. आंब्यांचेच लाड कर." पडवी म्हणजे नुसतं छप्पर आणि खांब, खाडीच्या बाजूने उघडी. तिथे तिची चटई पडली, शेजारी काथ्याची टोपली. पहिल्याच सकाळी खाडीपलीकडच्या डोंगरावरून ऊन थेट तिच्या तोंडावर आलं. मी पेज घेऊन गेले तर ती कपाळ चोळत होती. "हंय कपाळात कायतरी टोचता गो कुसमे," ती मला म्हणाली. आई म्हणाली, वारं लागलं असेल, आणि तिच्या कपाळाला सुंठ उगाळून लावली.

आणि मग आतेची भरती थांबली. सरकत सरकत तिची झोप आमच्या रात्रीशी आली तेव्हा आम्हाला वाटलं, आले चांगले दिवस, आठवड्याने जातील. ते गेलेच नाहीत. रोज दिवेलागणीनंतर जेवायची, झोपायची आणि कोंबड्या बाहेर पडायच्या सुमाराला उठायची. आई आधी काही बोलली नाही, दृष्ट लागेल म्हणून. बाबा पेरांवरून अंगठा फिरवत बसायचे आणि हिशेब जुळला नाही की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मग त्यांनी जाहीर केलं की अमावास्येचं मोठं उधाण येऊ दे, मग बघा. उधाण आलं, गेलं, आते पंगतीतच. मामा म्हणाला हा हापूसच्या वासाचा गुण, आणि त्यावर लगेच डोंगराएवढी बढाई मारली. आईचं म्हणणं साधं होतं: "त्या खोलयेत एकट्याच आसत. हंय माणसांत बसतत, म्हणान." ते खरंच होतं. येणारे-जाणारे तरीसाठी आमच्या मागच्या अंगणातूनच जायचे आणि आतेशी दोन शब्द बोलल्याशिवाय होडीत चढायचे नाहीत. ती आता वल्ह्याच्या आवाजावरून बाबांची होडी ओळखायची, इतकंच काय, होडी भरलेली आहे की रिकामी हेही सांगायची. त्या दिवसांतली तिची एक सवय मला फार आवडायची. सकाळी उठली की विचारायची, "दिवस आसा मां?" आणि मी "आसा" म्हटलं की मिळालेली वस्तू तपासून बघावी तशी मान डोलवायची.

पावसाळ्यासाठी समुद्र होड्यांना बंद व्हायच्या आधी शिरोड्याहून मिठाची होडी यायची. त्या मिठवाल्याने निरोप आणला. वसंत मॅट्रिक झाला होता; गणेशचतुर्थी झाली की मुंबईला नोकरीला जाणार होता. "पंचमीक आवशीक भेटान जातंय म्हणता," मिठवाला म्हणाला आणि घुटमळला.

"आनी काय म्हणता?" आतेने विचारलं.

"म्हणता... निजलेली आसली तर उठवचंय नाय. उंबऱ्यारसून बगान परत जायन."

आतेने हातातलं सुंभ खाली ठेवलं. "तेका सांग, येवंदे," ती म्हणाली. "मी जागी आसान."

मृगाच्या आधी आढी संपली. आम्ही गवत झाडून टाकलं, खोली सारवली, आणि आईने नवी चटई आणून आतेला मोठ्या कौतुकाने तिच्या जागी परत नेलं. पावसात उघड्या पडवीत माणसाला कोण ठेवतं? आमच्याकडे पावसाळा आला की पडव्यांना झापं बांधायची. झाप म्हणजे माडाच्या झावळीचा विणलेला पडदा; एकाला एक अशी झापं बांधली की पावसाची झड आत येत नाही. उजेडही येत नाही. चार महिने घर टोपलीखाली झाकल्यासारखं असतं. खोलीला अजून हापूसचा वास होता आणि आते हसत म्हणाली, "आता मी पिकतलंय."

आठ-पंधरा दिवसांत ती पुन्हा सरकू लागली. आधी थोडी, मग बरीच. आषाढ सरला तेव्हा ती पहाटे झोपत होती. बाबा "बगलंस?" असं म्हणायला तोंड उघडायचे आणि आईचा चेहरा बघून मिटायचे. आता आईनेच बोटं मोजली. या चालीने पंचमीच्या सकाळी आते कुठे असेल? मी आईच्या तोंडाकडे बघत होते. तिने मोजणं मध्येच सोडलं आणि उठून नारळ खोवायला बसली. आम्ही सगळं करून पाहिलं. आल्याचा कडक चहा केला. मी तिला दिवसा जागं ठेवायला गाणी म्हटली, कोडी घातली. बाबांनी एकदा विहिरीचं गार पाणी तिच्या तोंडावर मारलं. तिने सगळं निमूट सोसलं, डोळे ताणून बसून राहिली, आणि रात्री मात्र टक्क जागी. दोन्हीकडची झोप गेली, ताप भरला. आईने बाबांच्या हातातला तांब्या काढून घेतला. "पुरे झालां," ती म्हणाली. "मनीस आसा तां, होडी न्हय ढकलूक."

ताप उतरल्यावर आतेने स्वतःच सांगितलं. "वैनी, माका पडवीत न्हेवन ठेव. थंय माका बरां होतां."

बाबा उसळले. पाऊस, गारठा, जनावर येईल, आणि "आंधळ्या मनशाक पावसात भायर निजवलां म्हणान लोक काय म्हणतले?"

"लोक येतले काय पंचमीक तिका जागी करूक?" आई म्हणाली. बाबा पडवीत जाऊन चारी बाजूंनी बघून आले. मग तेच म्हणाले की पाऊस समुद्राकडून येतो, खाडीच्या अंगाला झड कमी. आणि तेच खांबाला काठी बांधून आतेच्या चटईभोवती अडसर करत बसले. पण पडवी झापांनी बंद होती, आणि आत बसल्या बसल्या आते म्हणाली, "हां झाप काढ गो, माका उमाळता." गुदमरतं म्हणत होती. आईने तिच्या उशापुढचं, पूर्वेकडचं झाप सोडलं. खाडीवरचा ढगाळ, पांढुरका उजेड आत आला आणि आतेने कपाळाला हात लावला. तेव्हापासून रोज तांबडं फुटलं की ते झाप काढायचं आणि सर जोरात आली किंवा रात्र पडली की पुन्हा बांधायचं, हे काम माझ्याकडे आलं. भिजलेलं झाप वजनाला किती असतं ते ज्याने उचललंय त्यालाच माहीत. एकदा वैतागून मी आईला विचारलं, "ह्यां रोज कित्याक काढूचां?" आई म्हणाली, "तिका बरां वाटता. आनी कित्याक व्हयां?"

मला याचं उत्तर मिळायला सगळा जन्म जावा लागला. माझ्या मोतीबिंदूनंतर कुडाळला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे मी जायची. नातीच्या वयाची मुलगी. झोप येत नाही अशी तक्रार मी केली आणि बोलता बोलता आतेची गोष्ट निघाली. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणाली, आजी, प्रत्येकाच्या डोक्यात, डोळ्यांच्या मागे खोल, एक घड्याळ असतं. झोप, भूक, अंगाची ऊब, सगळं ते चालवतं. पण बहुतेकांचं ते दिवसापेक्षा जरा सावकाश चालतं, आणि रोज सकाळचा उजेड त्याला ढकलून जागेवर आणतो. उजेड मिळाला नाही तर ते आपल्याच चालीने रोज थोडं मागे पडत जातं. मी म्हटलं, अगं, पण ती तर आंधळी होती. तेव्हा ती म्हणाली, डोळ्यांना दोन कामं असतात. एक बघायचं. दुसरं शरीराला दिवस-रात्र सांगायचं, आणि त्याच्या पेशी निराळ्या असतात. काही आंधळ्यांच्या दोन्ही जातात, त्यांना उजेडाचा उपयोग होत नाही. तुमच्या आतेचं रातांधळेपणापासून सुरू झालेलं दुखणं. त्यात बघणाऱ्या पेशी मरतात, या दुसऱ्या बहुधा जिवंत राहिल्या असतील. तिला उजेड दिसत नव्हता, पण पोचत होता. आणि तुमच्या आईचंही चुकलं नव्हतं हं; जेवणाच्या वेळा, काम, माणसांची जाग, यांनीही त्या घड्याळाला थोडा धक्का मिळतो.

मी घरी येऊन खूप रडले. दुःखाने नव्हे. आमच्या घरात एकालाही हे ठाऊक नव्हतं. ज्याला दिसत नाही त्याला उजेड कशाला, ही आमची समजूत होती, आणि प्रेमाने आम्ही तिला वर्षानुवर्षं काळोखात ठेवलं होतं. आणि तरी, आतेला बरं वाटतं एवढ्याच कारणासाठी माझ्या आईने भर पावसात घराची एक बाजू उघडी टाकली. कारण कळल्याशिवाय काही न करणारी शहाणी माणसं मी पुढे खूप पाहिली. आईची पुण्याई मला त्यांच्याहून मोठी वाटते. आता मी स्वतः रोज सकाळी खुर्ची ओढून पूर्वेकडच्या गॅलरीत बसते. झोप पुष्कळ सुधारली आहे.

पण तेव्हा आमच्या हाती नुसती आशा होती. श्रावण अर्धा गेला तरी आते दुपारी झोपत होती, फक्त आता ती झोप हळूहळू पुढे सरकून संध्याकाळकडे चालली होती. मग ती दिवेलागणीला पोचली. तिथे थांबेल की पुढे निघून जाईल? आई रोज रात्री तिच्या अंगावर गोधडी घालताना देवाचं नाव घ्यायची. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी झाप काढायला गेले तर ती अजून झोपलेली होती. मी झाप काढून तशीच उभी राहिले. उजेड तिच्या तोंडावर आला. थोड्या वेळाने ती हलली आणि म्हणाली, "दिवस आसा मां?"

चतुर्थीला गणपती बसला, त्याच्यावरच्या माटवीला कवंडळांची रानफळं आणि आंब्याचे टाळ बांधले, हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्यांचा वास घरभर झाला. रात्री आरत्यांना आते थोडा वेळ बसली आणि मग आपणहून म्हणाली, "मी निजतंय आता. फाल्या माका काम आसा." पंचमीच्या पहाटे मी उठून पडवीत गेले तर ती माझ्या आधी उठून, वेणी घालून, लुगडं नीट करून बसली होती. झाप काढायचं तेवढं राहिलं होतं. मी ते काढलं. खाडीवर पाऊस भुरभुरत होता. आते काथ्या वळत होती, पण तळवे मध्येच थांबत होते.

उन्हाचा एक कवडसा पडून गेला आणि तिने मान वर केली. "दादाची होडी," ती म्हणाली. "आनी दादा एकटो नाय."

वसंत अंगणातून आला तेव्हा त्याच्या गुडघ्यापर्यंत चिखल होता. शिरोड्याला रात्रभर आरत्या-भजनं करून, पहाटेच्या आधी निघून, कुठे चालत कुठे गाडीने तो पोचला होता. पडवीत पाय न ठेवता तो पायरीपाशीच थांबला. मी पुढे होते. मलाच त्याने अगदी हळू विचारलं, "ती जागी आसा?"

मी तोंड उघडायच्या आत आतेने उत्तर दिलं. "जागी आसंय रे, वसंता. ये."

त्यानंतरचं मला नीट सांगता यायचं नाही. तिने त्याचं तोंड, खांदे, हात चाचपले, मिसरुडावर बोट ठेवून हसली आणि मग हसता हसता रडली. आई स्वयंपाकघरातून आली आणि डोळ्यांना पदर लावून परत गेली. बाबा उगाचच अंगणात होडीचं वल्हं धूत राहिले. वसंत तिला मुंबईचं सांगत होता, कुठल्या गिरणीत, कुठे राहणार, आणि ती पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, जेवणार कुठे. आईने काळ्या वाटाण्याची उसळ केली होती, पातोळे होते. तो आला तोच भुकेलेला होता, पण पानं घेईपर्यंतही त्याच्याने जागं राहवलं नाही. बोलता बोलता त्याची मान कलली, आणि बघता बघता तो आतेच्या मांडीवर डोकं टेकून गाढ झोपला. लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून.

आई पानं वाढून बोलवायला आली. "वसंता, ऊठ रे, पानां वाढलंय," म्हणून तिने हात पुढे केला, तर आतेने तो अचूक धरला.

"वैनी, दिवस आसा मां अजून?"

"आसा," आई म्हणाली. "दोपार झाली."

आतेने दुसरा हात मुलाच्या केसांवर ठेवला. "मगे निजांदे तेका," ती म्हणाली. "मी जागी आसंय."

आईने पानं झाकून ठेवली आणि आम्ही सगळेच तिच्याभोवती, उघड्या झापापाशी, बसून राहिलो.